रंधा, छिलका आणि धूळ

सुताराच्या दुकानापुढून जाताना तुम्ही कधी तरी थबकला असालच. रंधा सरसर पुढे सरकतो आणि त्याच्या तोंडातून लाकडाचा पातळ, गोल गुंडाळलेला छिलका बाहेर पडतो. तो उचलून बोटाला गुंडाळण्याचा मोह कोणाला झालेला नाही? त्याच दुकानात आता विजेवर चालणारा रंधाही घरघरत असतो. त्यातून मात्र लांब छिलका निघत नाही. तुकड्यांचा आणि चुऱ्याचा फवारा उडतो. लाकूड तेच, काम तेच, मग कचरा वेगळा का? आणि त्याने बिघडते काय?

गेल्या वर्षी आमच्या गावातील एका शाळेने कार्यशाळेसाठी रंधायंत्र घ्यायचे ठरविले. "सर, तुम्ही भौतिकीचे. कोणते यंत्र घ्यावे ते सांगा," म्हणून सुतारकामाच्या शिक्षकांनी मला बोलावले. त्यांच्यापुढे तीन माहितीपत्रके होती. मोटर किती वॉटची, पाते किती रुंद, किंमत किती, हे सारे त्यांनी लाल शाईने टिपून ठेवले होते. बोलता बोलता ते दोनदा खोकले. "लाकडाची धूळ, दुसरे काय! तीस वर्षांची सोबत आहे," ते हसून म्हणाले. त्यांनी न टिपलेली गोष्ट नेमकी तीच होती. यंत्रातून निघणारा कचरा जाणार कोठे?

छिलका कसा निघतो?

हातरंधा फार जुना आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातही रंधे सापडले आहेत. त्याचे पाते ठोकळ्यात साधारण ४५ अंशांच्या कोनात बसविलेले असते. ते लाकडात सलग शिरत जाते, म्हणून छिलकाही सलग निघतो. धूळ अगदी थोडी होते.

यंत्राची तऱ्हा निराळी. तेथे पाती एका फिरत्या दंडगोलावर बसविलेली असतात. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने १८२८ साली अशा फिरत्या पात्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या एखाद्या लहान थिकनेस प्लेनरचे गणित करू या. समजा, दंडगोल मिनिटाला ८,००० फेरे घेतो आणि त्यावर दोन पाती आहेत. म्हणजे मिनिटाला १६,००० काप झाले. याच वेळात रूळ फळीला ८ मीटर पुढे ढकलतात. ८,००० मिलिमीटरला १६,००० ने भागा. प्रत्येक कापामागे फळी फक्त अर्धा मिलिमीटर सरकते! लांब छिलका निघणार कोठून?

पात्याच्या टोकाचा वेगही काढता येईल. दंडगोलाचा व्यास ४८ मिलिमीटर धरला, तर परिघ सुमारे १५ सेंटिमीटर. सेकंदाला १३३ फेरे, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. याच वेगाच्या जोराने तुकडे बाहेर भिरकावले जातात.

पाते बोथट असेल, तर लाकूड कापले जाण्याऐवजी चिरडले जाते. तंतू उपटले जातात, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मग पॉलिशकागदाने बराच वेळ घासावे लागते. खरी बारीक धूळ होते ती या घासण्यात. म्हणून धूळ कमी करण्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पात्याची धार.

एक घन सेंटिमीटर लाकूड

एक सेंटिमीटर बाजूचा लाकडी घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच ०.१ मिलिमीटर बाजूचे घन केले, तर ते दहा लाख होतील आणि एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर होईल. आणखी दहापट बारीक केले, तर ६,००० चौरस सेंटिमीटर. लाकूड तेवढेच, पण हवेशी त्याचा संबंध हजारपट वाढला. ओंडका पेटवायला खटपट पडते, छिलके काडी लावताच भडकतात आणि हवेत दाट पसरलेली कोरडी धूळ तर स्फोटासारखी पेट घेते, याचे कारण हेच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ साली जानेवारीत बर्न्स लेक येथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथे लाकूडगिरण्यांत असेच धुळीचे स्फोट झाले. दोन्ही ठिकाणी प्रत्येकी दोन कामगार मृत्यू पावले.

कण किती वेळ तरंगतो?

स्थिर हवेत पडणाऱ्या लहान गोल कणाचा वेग थोड्याच वेळात स्थिर होतो. स्टोक्सच्या नियमावरून तो असा मिळतो:

वेग = (कणाची घनता × गुरुत्वत्वरण × व्यासाचा वर्ग) ÷ (१८ × हवेची विष्यंदिता)

लाकडाची घनता दर घनमीटरला ६५० किलोग्रॅम आणि पडण्याची उंची दीड मीटर, म्हणजे साधारण नाकाची उंची, धरू. १०० मायक्रॉनचा कण ढोबळमानाने सात-आठ सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाचा वेग सेकंदाला फक्त २ मिलिमीटर. त्याला साडेबारा मिनिटे लागतात. ५ मायक्रॉनच्या कणाला ५० मिनिटे! वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे हा फरक पडतो. वर्गात हवा कधीच स्थिर नसते. वाऱ्याची झुळूक किंवा पंखा अशा कणांना आणखी तरंगत ठेवतो. म्हणजे जो कचरा डोळ्यांना दिसतो तो झाडूने गोळा होतो, आणि जो दिसत नाही तो तास संपल्यावरही आपण श्वासाबरोबर घेत असतो.

इंग्लंडमधील हाय विकम हे फर्निचरसाठी प्रसिद्ध गाव. तेथील कामगारांत नाकाचा एक दुर्मिळ कर्करोग वारंवार आढळतो, हे १९६० च्या दशकात एस्मे हॅडफील्ड, रोनाल्ड मॅकबेथ आणि डोनाल्ड ॲचिसन या डॉक्टरांच्या अभ्यासातून पुढे आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली. एका तासिकेने असा रोग होत नाही. वर्षानुवर्षे धूळ खाल्ल्याने त्याचा धोका वाढतो. विद्यार्थी दोन वर्षांनी शाळा सोडून जातो. शिक्षक आणि सुतार मात्र तेथेच असतात.

कचरा ओढून कसा न्यायचा?

थिकनेस प्लेनरचे तुकडे नळीतून वाहून न्यायचे, तर नळीतील हवेला सेकंदाला सुमारे २० मीटर वेग हवा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. त्याला वेगाने गुणले की सेकंदाला सुमारे १५७ लिटर हवा लागते असे दिसते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर सेकंदाला ३५ लिटर हवा ओढतो असे समजू. तो या नळीला जोडला, तर वेग भरेल जेमतेम साडेचार मीटर आणि छिलके नळीतच बसतील. अरुंद नळी लावली तर वेग वाढेल, पण छिलके तोंडाशीच तुंबतील. म्हणून या यंत्राला मोठा पंखा असलेला डस्ट कलेक्टरच हवा.

पंख्याच्या आधी शंकूसारखे भांडे बसवून हवा त्यात गोल फिरविली, तर बरेच काम हलके होते. २० सेंटिमीटर त्रिज्येत सेकंदाला २० मीटर वेगाने फिरणाऱ्या तुकड्याचे अभिकेंद्री त्वरण, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, २,००० येते. ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दोनशेपट आहे! हवा त्यांना तेवढे वळवू शकत नाही, म्हणून तुकडे भिंतीला आपटून खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र हवेबरोबर निसटतात. त्यांच्यासाठी दाट विणीची गाळणपिशवी हवी. पिशवी विरळ असेल, तर यंत्र छिलके गोळा करते आणि धूळ खोलीभर वाटते.

मग कोणता रंधा घ्यावा?

आधी काम ठरवा. रंधणे शिकायचे असेल, तर हातरंध्याला पर्याय नाही. दार-खिडकीची कड उतरवायची असेल, तर हातात धरायचा विजेचा प्लेनर पुरे. पुष्कळ फळ्या एका जाडीच्या करायच्या असतील, तर थिकनेस प्लेनर. पण तो वाकडी फळी सरळ करत नाही, हे ध्यानात ठेवा. रूळ तिला दाबून सपाट करतात आणि बाहेर पडताच ती पुन्हा वाकते. विजेचाही विचार हवा. १,८०० वॉटच्या मोटरला २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी १६ अँपिअरचे, भूयोजन केलेले स्वतंत्र जोडस्थान हवे आणि डस्ट कलेक्टरला दुसरे.

त्या शाळेत आम्ही मोठे यंत्र रद्द केले. मुलांसाठी सहा हातरंधे, शिक्षकांनी वापरायला एक लहान थिकनेस प्लेनर, आणि उरलेले सारे पैसे डस्ट कलेक्टर व गाळणपिशवी यांसाठी, असा हिशेब ठरला. मुख्याध्यापकांना तो प्रथम पटला नाही. "कचऱ्यासाठी एवढा खर्च?" असे त्यांनी विचारले. तेव्हा आम्ही पुढील प्रयोग करून दाखविला.

प्रयोग करून पाहा

लाकूड घासून झाल्यावर दहा मिनिटे थांबा. खिडक्या बंद करून अंधार करा आणि विजेरीचा झोत आडवा सोडा. कवडशात नाचतात तसे कण झोतात चमकताना दिसतील. आता हातरंधा चालवून हाच प्रयोग करा आणि झोतांची तुलना करा. मुख्याध्यापकांनी झोत पाहिला, मग स्वतःच्या रुमालाकडे पाहिले, आणि कागदावर सही केली.

नवे यंत्र आल्यावर प्रयोग पुन्हा केला. झोत बराच फिका झाला होता, पण पुसला गेला नव्हता. पॉलिशकागदाने घासताना होणारी धूळ शिल्लक होतीच. त्या कामासाठी आता चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरतात. साधा रुमाल बारीक कण अडवू शकत नाही. जमीन झाडण्यापूर्वी ओलसर भुसा पसरतात, म्हणजे धूळ त्याला चिकटते.

छिलक्यांचे काय? साध्या लाकडाचे कोरडे छिलके कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायला उत्तम; शेणात मिसळले तर खतही होते. प्लायवूडचा, रंगविलेल्या किंवा औषध मारलेल्या लाकडाचा कचरा मात्र वेगळा ठेवावा. तो जनावरांखाली घालू नये आणि चुलीतही जाळू नये.

सोडवून पाहा

१. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या, दोन पात्यांच्या प्लेनरने फळी मिनिटाला ३ मीटर रंधली, तर प्रत्येक कापामागे फळी किती सरकेल?

२. २० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून पडायला किती वेळ लागेल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की तुमच्या कार्यशाळेतील सरांना ते जरूर सांगा. पुढच्या वेळी तास संपल्याबरोबर कोणी मुखपट्टा काढू लागला, तर ते सांगतील, "अरे, अजून तीन मिनिटे थांब."