ओल्या हातांचे कानमंत्र

सूनबाई, पुण्याची थंडी मागे राहिली, आता हात फुटायचे नाहीत, असं वाटलं होतं ना तुला? आपल्या तंजावरकडच्या पापनाशमात हात थंडीने नाही, पाण्याने फुटतात. पहाटेच्या सड्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत हात ओलाच, त्यात साबण. कातडीवरचा तेलकट थर म्हणजे भाताच्या खाचराचा बांध. साबणाने तो खचला की आतली ओल टिकत नाही. म्हणून हे ऐक, आणि माझ्या मुलालाही ऐकव; भांडी घासायला त्यालाही हात आहेत.

१. हात साध्या किंवा कोमट पाण्याने धू, कढत नको — कढत पाण्याने कातडीचं तेल लवकर सुटतं.

२. धुण्याआधी अंगठी काढ — तिच्याखाली साबण अडकतो आणि खाज तिथूनच सुरू होते.

३. पदराला खसाखसा पुसू नकोस, पंच्याने टिपून घे, बेचक्यासुद्धा — आधीच नाजूक झालेली कातडी घासण्याने सोलते.

४. हात दमट आहेत तोवर, दोन-तीन मिनिटांत, खोबरेल किंवा व्हॅसलिन लाव — वर थर बसला की खालची ओल उडत नाही. जितक्यांदा धुवावं, तितक्यांदा माखावं.

५. तेलाची वाटी मोरीपाशीच ठेव, फडताळात नको — दिसलं तेल, तरच हाताला लागेल.

६. भांडी-धुण्याला रबरी हातमोजे घाल, आत पातळ सुती — नुसत्या रबरात घाम साचतो. आतून ओले झाले की लगेच काढ.

७. भेगा असताना चिंच कोळणं, लिंबं चिरणं दुसऱ्याकडे दे — आंबट झोंबतं आणि भेग भरू देत नाही. भेगेवर लिंबू-साखर चोळायला कोणी सांगितलं तर हसून सोडून दे.

८. फक्त डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलत असतील तर लसणावर संशय घे — सुरी उजव्या हातात असते, पाकळी डाव्या.

९. मार्गळी महिन्यातलं कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, तांदळाच्या पिठाने घाल — बोटांना दगडाच्या पुडीचा खर लागत नाही आणि मुंग्यांचंही पोट भरतं.

१०. पोंगलआधी भोगीची साफसफाई निघते, तेव्हा चुन्यात आणि धुण्याच्या सोड्यात उघडा हात घालू नकोस — दोन्ही क्षार, कातडी खाणारे. एका सणाची चकाकी, महिनाभराची भेग.

११. साबण आणि क्रीम बिनवासाचं घे — पुष्कळांच्या हातांना सुगंधच सोसत नाही.

१२. रात्री व्हॅसलिनचा जाड थर देऊन जुने सुती हातमोजे घालून झोप — हातांना सलग कोरडी विश्रांती तेवढीच मिळते.

१३. कशाने त्रास वाढला ते कॅलेंडरवर टिपून ठेव — दुसऱ्या सरफोजी राजांनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) तंजावरात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या होत्या. आपल्याला साबणाचं नाव लिहायला काय जड आहे?

१४. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडची ट्यूब आपल्या मनाने आणू नकोस — फार दिवस लावली तर कातडी पातळ होते, आणि नायटा असेल तर तो आणखी पसरतो.

१५. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, पू किंवा रक्त आलं, रात्री बेचक्यांत खाज सुटली, किंवा एखादा चट्टा बधिर वाटला, तर डॉक्टरांकडे जा — बेचक्यांतली खाज खरजेची असू शकते, बधिर चट्टा कुष्ठाचा. दोन्ही रोग औषधाने बरे होतात, फक्त लपवून ठेवू नयेत. आणि एकटी जाऊ नकोस, मला हाक मार. मी येते बरोबर.