जुन्या पिकअपचा इंडिकेटर-स्विच बदलतांना ब्रेकच्या तारेची ओळख

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या गोठ्याशेजारीं किंवा खळ्यावर एखादी जुनी पिकअप उभी असते. खताच्या गोणी, भाजीच्या करंड्या, दुधाचे कॅन, पंपाची मोटर, प्रसंगीं एखादें वासरूं, असें सर्व कांहीं तिच्यांतून जातें-येतें. तिचें इंजिन, तिचे पाटे, तिचा रेडिएटर यांकडे मालकाचें लक्ष असतें, कारण त्यांत बिघाड झाला कीं गाडी अडते. दिव्यांचें तसें नाहीं. दिवा बंद पडला तरी गाडी चालतच राहते, आणि मागचा दिवा तर चालविणाऱ्यास कधीं दिसतच नाहीं.

या लेखाचा विषय वळण दाखविणाऱ्या दिव्यांचा स्विच, ज्यास आपण सर्व जण इंडिकेटरचा स्विच म्हणतों, तो बदलण्याचा आहे. काम अर्ध्या दिवसाचें आहे व त्यास विशेष हत्यारें लागत नाहींत. परंतु जुन्या अमेरिकन पद्धतीच्या गाड्यांत या एका स्विचांतून ब्रेकच्या दिव्याचाही प्रवाह जातो. ही गोष्ट ठाऊक नसल्यास काम बिनचूक झाल्यासारखें दिसतें, आणि प्रत्यक्षांत गाडी पूर्वींपेक्षां अधिक धोक्याची होऊन बसते. हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं.

आमच्या घरीं विलीज जातीची एक जुनी पिकअप आहे. मागें एका हिवाळ्यांत तिच्या इंडिकेटरची दांडी उजवीकडे टिकेनाशी झाली. हातानें धरून ठेवावी तेव्हां दिवा लागे. तालुक्याच्या गांवीं एका दुकानीं नवा स्विच मिळाला व तेथल्याच कारागिरानें तो बसवून दिला. जुन्या स्विचाच्या तारांचे रंग एक, नव्याचे दुसरे. त्यानें जुळतील तेवढे रंग जुळविले, बाकीच्या तारा एकेक टेकवून पाहिल्या, आणि डावे-उजवे दिवे लुकलुकूं लागल्यावर उरलेल्या एका तारेच्या टोंकास टेप गुंडाळून ती आंत खोंचून दिली. “ही जास्तीची आहे,” असें तो म्हणाला. आमचें सारें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. नोंदीवांचून फेरफार करूं नये हें आम्हीं शेंकडों लोकांस सांगितलें असेल. त्या दिवशीं मात्र एक शब्दही न विचारतां आम्हीं पैसे दिले व घरीं आलों.

पुढें पंधरा दिवसांनीं पहांटे बाजारास जात असतां उसाची बैलगाडी एकाएकीं आडवी आली म्हणून आम्हीं ब्रेक दाबला. मागून मोटारसायकलवर येणारा एक तरुण सरळ आमच्या मागच्या फळीवर येऊन आदळला. त्याचें मनगट मोडलें. डोक्यावर हेल्मेट होतें म्हणून तेवढ्यावरच निभावलें. रस्त्याच्या कडेस बसून तो एकच वाक्य पुन्हां पुन्हां बोलत होता, “काका, तुमचा ब्रेकचा दिवा लागलाच नाहीं.” “लागतो,” असें आम्हीं त्यास उत्तर दिलें, आणि खात्री करण्याकरितां मुलास ब्रेक दाबावयास सांगून मागें जाऊन पाहिलें. एकही दिवा लागला नाहीं. ती जास्तीची तार ब्रेकची होती. त्या तरुणाच्या औषधपाण्याचा खर्च आम्हीं केला. परंतु त्याची त्या हंगामाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

असें कां झालें तें समजण्यास थोडें मागें जाणें अवश्य आहे. अमेरिकेंत ब्यूक मोटारीस १९३९ सालीं लुकलुकणारे वळणदर्शक दिवे कारखान्यांतूनच बसून येऊं लागले. मालवाहू गाड्यांस मात्र ते पुष्कळ वर्षें मिळाले नाहींत. विलीजच्या पिकअप ओहायो संस्थानांतील टोलेडो येथें १९४७ पासून १९६५ पर्यंत तयार होत असत. त्याच १९४७ सालीं मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलीज जीपच्या जुळणीस आरंभ केला, आणि या घराण्याच्या गाड्या आपल्याकडे खेडोपाडीं पोंचल्या. आरंभीच्या बऱ्याच गाड्यांस मागें रात्रीचा दिवा व ब्रेकचा दिवा एवढेंच असे. पुढें वळणाचा दिवा हवा झाला तेव्हां नवा दिवा न लावतां ब्रेकच्याच तंतूकडून दोन कामें करून घेण्यांत आलीं. ब्रेक दाबला कीं तो स्थिर लागावा, वळण दाखविलें कीं लुकलुकावा. त्यासाठीं स्टिअरिंगच्या नळीस पट्टीनें आवळून बसवावयाचे स्विच बाजारांत आले. काटकसरीच्या दृष्टीनें युक्ति उत्तम होती; तिचा दोष एवढाच कीं, जो ती जाणत नाहीं त्यास ती दिसत नाहीं.

अशा स्विचास साधारणतः सहा किंवा सात तारा असतात. एक फ्लॅशरकडून आंत येते. एक ब्रेकच्या स्विचाकडून आंत येते. विलीजच्या गाड्यांत हा ब्रेकचा स्विच मास्टर सिलिंडरपाशीं असून तेलाच्या दाबावर चालतो. चार तारा बाहेर जातात, पुढच्या दोन दिव्यांस व मागच्या दोन दिव्यांस. सातवी असल्यास ती बहुधा दांडीवरील खुणेच्या बारीक दिव्याची असते. दांडी मधोमध असतां ब्रेकची तार मागच्या दोन्ही तारांस जोडलेली असते आणि फ्लॅशरची तार कोणासही जोडलेली नसते. दांडी उजवीकडे केली कीं मागचा उजवा दिवा ब्रेकपासून सुटतो व पुढच्या उजव्यासह फ्लॅशरला जाऊन मिळतो. मागचा डावा ब्रेककडेच राहतो. डावीकडे केल्यास याच्या उलट होतें. रात्रीं उसाला दारें धरणाऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. एका वाफ्याचें दार बांधून पाणी दुसरीकडे वळवावें, तसाच हा प्रकार आहे.

सबब, हात घालण्यापूर्वीं आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे तें पाहावें. मागें नारंगी काचेचा वळणाचा दिवा वेगळा असेल तर ब्रेकचा प्रवाह या स्विचांतून जात नाहीं व काम पुष्कळ सोपें आहे. वळणासाठीं तोच तांबडा दिवा लुकलुकत असेल, तर पुढील सर्व मजकूर आपल्यासाठींच आहे.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. मग एक कागद घेऊन जुन्या स्विचाची प्रत्येक तार जेथें जोडलेली आहे तेथें तिला टेपची चिठ्ठी लावून क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक, तारेचा रंग व ती कोठें जाते हें कागदावर लिहावें. हें झाल्यावांचून एकही तार कापूं नये. पूर्वींच्या कोणीतरी दुरुस्ती करतांना हाताला आली ती तार लावलेली असते. आमच्या गाडींत एकाच तारेचा रंग चार हातांत तीन वेळां बदललेला निघाला.

गाडीकडील तारा ओळखण्यास एक लहान बल्ब व दोन तारा पुरतात. सर्व टोंकें एकमेकांपासून व पत्र्यापासून दूर धरून बॅटरी पुन्हां जोडावी व चावी फिरवावी. बल्बची एक तार गाडीच्या साफ पत्र्यास लावून दुसरी एकेका टोंकास लावावी. चावी फिरवितांच जेथें बल्ब लागतो ती फ्लॅशरची तार होय. बल्ब लहान असल्यामुळें तो लुकलुकणार नाहीं, स्थिरच राहील, तो दोष समजूं नये. कोणीतरी ब्रेक दाबला तरच जेथें लागतो ती ब्रेकची तार. बाकीच्या चार तारांस दहा अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीचा प्रवाह क्रमानें द्यावा व कोणता दिवा लागतो तें पाहून लिहावें. बारीक दिव्याची तार असेल तर तीही यांतच कळून येते.

नवा स्विच गाडीवर चढविण्याआधीं टेबलावरच ओळखून घ्यावा. दुकानदार रंगांचा कागद देतो, तो बरोबर असेलही. पण त्यावर विसंबूं नये. खुणेचा बारीक बल्ब काढून ठेवावा, धोक्याचें बटण असल्यास तें बंद ठेवावें, आणि बॅटरी व बल्ब यांच्या सहाय्यानें कोणत्या तारा एकमेकींस जोडलेल्या आहेत तें तपासावें. दांडी मधोमध असतां तीनच तारा परस्परांस जोडलेल्या आढळतील. त्या म्हणजे ब्रेक व मागचे दोन दिवे. दांडी उजवीकडे केल्यावर त्या तिघींतून जी फुटून निघते ती मागच्या उजव्याची. डावीकडे केल्यावर जी निघते ती मागच्या डाव्याची. जी कधींच फुटत नाहीं ती ब्रेकची. उरलेल्या तिघींत दोन्ही बाजूंस जी उपयोगांत येते ती फ्लॅशरची, व बाकीच्या दोन पुढच्या दिव्यांच्या. इतकें केल्यावर जास्तीची तार म्हणून कांहीं उरत नाहीं.

जोड पिळून व टेप लावून कधींही सोडूं नयेत. शेतवाटेच्या खडखडाटानें ते सुटतात व पावसाळ्यांत हिरवे पडतात. डाख द्यावा, किंवा पक्कडीनें दाबून बसविण्याच्या पितळी नळ्या वापराव्या. तार बारीक नसावी. १२ व्होल्टवर २१ वॉटचे दोन बल्ब सुमारें साडेतीन अँपिअर ओढतात. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीवर तेवढ्याच शक्तीस सात अँपिअर लागतात. बसवितांना पट्टी इतकीही आवळूं नये कीं नळी चेपेल. नंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पुरतें फिरवून कोठें तार घासत किंवा ताणत नाहीं ना, हें पाहावें.

ज्यांच्या गाडींत स्विच स्टिअरिंगच्या चाकाखालीं नळीच्या आंत असतो त्यांनीं चाक काढण्यापूर्वीं पुढचीं चाकें सरळ ठेवून चाक व दांडा या दोहोंवर एक खूण करावी. खूण चुकली तर वळणानंतर दांडी आपोआप परतण्याचें काम एका बाजूस लवकर व दुसऱ्या बाजूस उशीरा होतें. नट पुरता काढूं नये, दोन-तीन आटे शिल्लक ठेवावे, नाहीं तर घट्ट बसलेलें चाक एकदम सुटून तोंडावर येतें. चाक पुलरनेंच काढावें. दांड्याच्या टोंकावर हातोडी मारणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं पुढें काय खर्च केला तेंही पाहिलें आहे. हॉर्नची तार याच वाटेनें येते, ती तुटूं देऊं नये.

स्विच नवा असूनही दिवे लुकलुकले नाहींत तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. जुन्या उष्णतेवर चालणाऱ्या फ्लॅशरला ठराविक भार लागतो. एक बल्ब गेला, किंवा कोणी हौसेनें एलईडी दिवे बसविले, तर भार कमी पडून दिवा नुसता लागून राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल तर बल्ब गेल्यावर तो उलट भराभर लुकलुकतो. मिनिटास ६० ते १२० वेळां लुकलुकणें ही योग्य गति समजावी. दिवा मंद असेल तर स्विचास दोष देण्यापूर्वीं दिव्याच्या बैठकीजवळचा गंज पॉलिश कागदानें घासून पत्र्याचा जोड साफ करावा.

शेवटची तपासणी संध्याकाळीं करावी व ती एकट्यानें करूं नये. एकानें आंत बसावें, दुसऱ्यानें मागें उभें राहावें. दांडी मधोमध ठेवून ब्रेक दाबला असतां मागचे दोन्ही दिवे स्थिर लागले पाहिजेत. ब्रेक दाबलेलाच ठेवून दांडी उजवीकडे केली असतां उजवा लुकलुकावा व डावा स्थिर राहावा; मग डावीकडे करून उलट पाहावें. ब्रेक सोडून दोन्ही बाजू पुन्हां पाहाव्या, आणि रात्रीचे दिवे लावून हेंच सर्व एकदां करावें, कारण पत्र्याचा जोड खराब असल्यास रात्रीचा दिवा लागल्यावरच घोटाळा होतो. आमच्या त्या कारागिरानें फक्त ब्रेक न दाबतां डावे-उजवे पाहिले होते, आणि तेवढें पाहिल्यास ब्रेकची तार सुटलेली असूनही सर्व ठीक दिसतें.

क्रमांकांचा कागद जाड कागदावर स्वच्छ उतरून, मेणकापडांत गुंडाळून आसनाखालीं ठेवावा. जुना स्विच टाकूं नये. त्याची पट्टी व स्क्रू पुढें उपयोगीं पडतात. आठ दिवस गाडी चालल्यावर पट्टीचे स्क्रू एकदां तपासून पुन्हां आवळावे, व त्याच वेळीं कोणास तरी मागें उभें करून ब्रेक दाबून पाहावा.