वाढ्यांवरची म्हैस आणि तिचा खुराक

कोल्हापूर शहरात गंगावेशीसारख्या ठिकाणी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची प्रथा पुष्कळ जुनी आहे. तलवारीसारखी लांब शिंगे मागे टाकून उभी राहणारी पंढरपुरी म्हैस या व्यवसायाला विशेष मानवते. कारण परक्या जागी, माणसांच्या गर्दीतही ती पान्हा सोडते. सोलापूर, सांगली व कोल्हापूर हे या जातीचे प्रमुख जिल्हे. उसाचेही हेच जिल्हे असल्याने साखर कारखान्यांची धुराडी पेटली की म्हशीच्या गव्हाणीत वाढे येऊन पडतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत बहुधा तेच चालू राहतात.

वाढे हिरवे असतात, मुबलक मिळतात आणि म्हैस ते आवडीने खाते. पोट भरते, दूधही काही दिवस बरे येते. नुकसान दिसू लागते ते नंतर. व्यालेली म्हैस चार-सहा महिने माजावर येत नाही, फॅट हळूहळू उतरते, म्हैस भिंतीची माती चाटू लागते, चिंध्या व हाडे चघळू लागते. घरातील वडीलधारी मंडळी याला खोड म्हणतात. वास्तविक ती बहुधा खनिजांची, विशेषतः फॉस्फरसची भूक असते.

याचे कारण वाढ्यांच्या घडणीतच आहे. त्यांत प्रथिने जेमतेम पाच-सहा टक्के असतात. शिवाय ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो. तो पोटात कॅल्शियमशी बांधला जातो आणि असे बांधलेले कॅल्शियम जनावराला मिळत नाही. म्हशीच्या दर लिटर दुधातून सुमारे दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. चाऱ्यातून ते भरून निघाले नाही, तर म्हैस ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. हा व्यवहार किती दिवस चालणार? म्हणूनच केवळ वाढ्यांवर म्हैस ठेवू नये. वाढ्यांची कुट्टी करावी, त्यांत कडबा मिसळावा आणि जोडीला रोज चार-पाच किलो लसूणघास किंवा अन्य द्विदल चारा द्यावा. रात्री पाण्यात चुना भिजवून सकाळी वर राहिलेली निवळी कुट्टीवर शिंपडण्याचा उपाय स्वस्त आहे. त्यामुळे ऑक्झॅलेटचा उपद्रव कमी होतो.

किती खाऊ घालावे, हे जनावराच्या वजनावर ठरते. पण गावात म्हशीचे वजन करणार कसे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या मागील हाडापर्यंतची लांबीही इंचांत घ्यावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे अंदाजे वजन किलोंमध्ये. घेर ७२ इंच व लांबी ५४ इंच असेल, तर वजन सुमारे ४२४ किलो होते. प्राथमिक शाळेतील वरच्या वर्गांना हे गणित दावणीजवळ नेऊन शिकविता येण्यासारखे आहे. फळ्यावरच्या गणितापेक्षा ते मुलांच्या अधिक लक्षात राहील.

अशा म्हशीला वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे अकरा-बारा किलो शुष्क आहार रोज लागतो. ती सहा लिटर दूध देत असेल, तर शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो, असे साडेचार किलो आंबोण द्यावे. बाकीची गरज पंधरा किलो हिरवा चारा व चार-पाच किलो कडबा यांतून भागते. आंबोण एकाच वेळी घालण्यापेक्षा दोन धारांच्या वेळी विभागून घालावे. पुष्कळ ठिकाणी आंबोण म्हणजे भिजविलेली सरकी पेंड, एवढाच अर्थ घेतला जातो. पेंडीत प्रथिने भरपूर असतात हे खरे. पण तेवढ्याने खुराक पूर्ण होत नाही. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा ऊर्जा देतो, गव्हाचा कोंडा फॉस्फरस देतो, तूरचुणी दोन्ही बाजू थोड्या थोड्या सांभाळते. पेंड बुरशी धरलेली असेल, तर ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बुरशीचे विष म्हशीच्या यकृताला बाधते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. ते दूध घरातील मुलेही पितात.

आंबोणात रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ घालावे. चांगल्या मिश्रणात सुमारे २० टक्के कॅल्शियम व १२ टक्के फॉस्फरस असते. म्हणजे ५० ग्रॅममधून अनुक्रमे १० व ६ ग्रॅम मिळतात. याखेरीज तांबे, जस्त, कोबाल्ट, आयोडीन ही सूक्ष्म द्रव्ये असतात. म्हशीचा मुका माज ही सर्वांची तक्रार आहे. ती रेड्याला किंवा मालकाला फारशी खूण न देता माजाची वेळ काढून टाकते आणि आणखी २१ दिवस वाया जातात. खनिजांच्या अभावी ही तक्रार अधिकच वाढते. दोन वेतांतील अंतर दीड वर्षाच्या पुढे गेले, की त्या कुटुंबाला कित्येक महिने भाकड जनावर पोसावे लागते. खनिज मिश्रणाचा खर्च या तोट्याच्या मानाने किरकोळ आहे, तरीही काटकसर प्रथम त्याच्यावरच केली जाते.

एका आजाराचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. व्याल्यानंतर काही आठवड्यांत चांगली दुधाळ म्हैस एकाएकी कॉफीच्या रंगाची लघवी करू लागते, दूध घटते, डोळ्यांची आतली त्वचा पांढरी पडते. दृष्ट लागली म्हणून उतारा टाकण्यात दोन दिवस जातात आणि पुष्कळदा म्हैस दगावते. फॉस्फरस कमी पडल्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हे याचे प्रमुख कारण होय. गोचीड तापातही लघवी लाल होते, म्हणून निदान पशुवैद्यकानेच करावे आणि त्याच दिवशी करावे. दुकानातून आणलेली कॅल्शियमची बाटली येथे उपयोगी पडत नाही.

भाताच्या मुलखातील अडचण थोडी निराळी आहे. कोकणातील पेंढा आणि भंडारा-गोंदियाकडील तणस यांत प्रथिने तीन-चार टक्केच असतात. त्यावर युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो पेंढ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, ढीग दाबून प्लॅस्टिकने हवाबंद करावा आणि तीन आठवड्यांनी उघडावा. प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते व पेंढा मऊ पडतो. खाऊ घालण्यापूर्वी वास उडून जाण्यासाठी तो पसरून ठेवावा आणि सवय हळूहळू लावावी. सहा महिन्यांखालील रेडकांना तो मुळीच देऊ नये. युरियाचे पाणी उघड्या बादलीत ठेवणे धोक्याचे आहे. तहानलेली म्हैस ते प्याली, तर तासाभरात प्राणावर बेतते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ५६ लाख म्हशी आहेत. राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०११-१२ पासून, गावातीलच प्रशिक्षित व्यक्तीने दावणीवर जाऊन टेपने वजन घ्यावयाचे व उपलब्ध चाऱ्यातून संतुलित आहार सुचवावयाचा, ही पद्धत राबविण्यात आली. ग्रामपंचायतींना ही पद्धत आजही उचलता येईल. त्यासाठी मुहूर्त मात्र नीट धरला पाहिजे. ऊसतोडणी सुरू होण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने एक दिवस ठेवावा; त्या दिवशी म्हशींची मापे घ्यावीत आणि खनिज मिश्रणाची गावाची एकत्र मागणी नोंदवावी. वाढे संपत आल्यावर, फाल्गुनात भरविलेल्या शिबिराचा उपयोग त्या हंगामापुरता तरी होत नाही.

गाभण म्हशीकडे त्याच दिवशी वेगळे लक्ष द्यावे. सुमारे ३१० दिवसांच्या गाभणकाळातील शेवटचे दोन महिने तिला आटवून विश्रांती द्यावी आणि दूध नसले तरी एक ते दीड किलो आंबोण अधिक द्यावे. दूध बंद म्हणून आंबोण बंद, हा रिवाज सर्वत्र आढळतो आणि त्याची किंमत पुढच्या वेतात मोजावी लागते. जन्मलेल्या रेडकाला पहिल्या तासा-दोन तासांतच चीक पाजण्यास सुरुवात करावी. ३० किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक मिळावयास हवा. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, असे म्हणून पुष्कळ घरांत रेडकू ताटकळत ठेवले जाते. उलट, रेडकू आचळाला लागल्याने वार पडण्यास मदतच होते.