रक्त देण्यापूर्वी विचार: अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाची चाचणी

ठाणे शहरातील खोपट हा भाग एस.टी. स्थानकामुळे सर्वपरिचित आहे. समजा, तेथील साठ वर्षांच्या एका निवृत्त चालकाने आरोग्य शिबिरात नाव नोंदविले आणि रक्तातील साखरेबरोबरच ‘पी.एस.ए.’ चाचणीपुढेही खूण करण्यात आली. कोणतीही तक्रार नसताना त्यांनी ही चाचणी करून घ्यावी काय?

अष्ठीला, म्हणजेच प्रोस्टेट, ही मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाभोवती असणारी पुरुषांतील ग्रंथी होय. पी.एस.ए. हे तिच्यात तयार होणारे प्रथिन असून त्याचा अल्प अंश रक्तात उतरतो. कर्करोगात त्याचे प्रमाण वाढते. परंतु वयोमानाने ग्रंथी वाढल्यास किंवा मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाल्यासही ते वाढते. प्रमाण वाढलेल्या चार पुरुषांपैकी सुमारे तिघांना कर्करोग नसतो. उलट, प्रमाण सर्वसाधारण असूनही काहींना तो असू शकतो.

या चाचणीचा लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे. युरोपातील आठ देशांत ५५ ते ६९ वयोगटातील सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. चाचणीसाठी बोलाविलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. बोलाविलेल्या दर ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. मात्र टळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे १२ जादा पुरुषांना कर्करोगाचे निदान ऐकावे लागले.

हा कर्करोग अनेकदा अतिशय मंद गतीने वाढतो. शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांमुळे मूत्रावरील नियंत्रण व लैंगिक क्षमता यांवर परिणाम होऊ शकतो. ब्रिटनमधील एका अभ्यासात रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या १,६४३ रुग्णांपैकी काहींवर केवळ देखरेख ठेवली गेली, तर काहींवर शस्त्रक्रिया वा किरणोपचार झाले. पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के रुग्णांचा मृत्यू या रोगाने झालेला नव्हता. निदान झाले म्हणजे तातडीने शस्त्रक्रिया केलीच पाहिजे, असे नाही.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची सरसकट तपासणी आहे. अष्ठीलेचा त्यात समावेश नाही. त्यामुळे निर्णय प्रत्येकाने डॉक्टरांशी बोलून घ्यावयाचा आहे. वडील वा भाऊ यांना हा रोग झालेला असल्यास धोका अधिक असतो. सत्तरीनंतर सरसकट चाचणीचा लाभ सहसा होत नाही. लघवीत रक्त दिसणे, लघवी अडणे, हाडे सतत दुखणे अशी लक्षणे असल्यास मात्र शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

शिबिर भरविणाऱ्या पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही खूण परस्पर करू नये. “प्रमाण वाढलेले निघाले, तर पुढील तपासण्यांची आपली तयारी आहे काय?” असे आधी विचारावे. त्या निवृत्त चालकाला हे समजावून घेण्यासाठी आठ दिवस हवे असतील, तर ते द्यावेत. त्यानंतर त्यांनी होकार दिला काय किंवा नकार दिला काय, तो निर्णय शहाणपणाचाच मानावा.