छातीतील जळजळ व तिचा उपाय

खेड्यांतील आमच्या मंडळ्यांत "पित्त झाले" असे न म्हणणारे घर विरळाच. कापूरहोळास, जेथे पुणे-सातारा रस्त्यावरून भोरचा फाटा फुटतो, तेथे उतरलेल्या उपदेशकास घरोघरी चहा घ्यावा लागतो. सायंप्रार्थना आटोपून रात्री उशिरा पिठले, भात व ठेचा पोटभर खाऊन लागलीच अंथरुणावर पाठ टेकावी लागते. मग मध्यरात्री घशाशी आंबट पाणी येते. ही कोणाची करणी नव्हे, आणि प्रार्थना उणी पडल्याची खूणही नव्हे.

अन्ननलिका जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक कडे आहे. घास खाली उतरला की ते मिटते. ते ढिले पडले म्हणजे जठरातील अम्ल वर चढते. जठराचे अस्तर त्या अम्लास तोंड देते, अन्ननलिकेचे देऊ शकत नाही, म्हणून ती पोळते. तंबाखूने हे कडे सैल होते. आणि मिशरी ही तंबाखूच होय, हे भगिनींनी ध्यानात घ्यावे. जुन्या वैद्यांसही हा विकार ठाऊक होता. माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे.

पौलाने तीमथ्यास पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास लिहिले, त्याचा आधार कोणी दारूस देऊ नये. मद्याने जळजळ वाढते. त्यातून इतके मात्र निघते की, प्रेषिताने सहकाऱ्याच्या दुखण्यावर उपाय सांगणे विश्वासास कमीपणा मानला नाही.

जेवण व निद्रा यांत तीन तासांचे अंतर असावे; म्हणून सभेच्या आधीच जेवावे, व यजमानांनी त्याचा राग मानू नये. खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा देऊन ती सहा ते आठ इंच उचलावी. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडते. डाव्या कुशीवर निजावे. कापूरहोळ हे संभाजीराजांस (जन्म १६५७) दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे यांचे गाव, तेव्हा येथे दुधाची निंदा आम्हास शोभत नाही. तथापि दुधाने क्षणभर थंड वाटते, मागून अम्ल पुन्हा पाझरते. खाण्याच्या सोड्याचेही तसेच. शिवाय रक्तदाब असणाऱ्यास तो अपायकारक आहे. लावणीनंतर कंबर दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेणारे पुष्कळ आहेत. त्या जठरास इजा करितात. अम्ल कमी करणाऱ्या गोळ्या गुणकारी खऱ्या, पण डॉक्टरांस न विचारता वर्षानुवर्षे घेऊ नयेत.

घास अडकणे, वजन उतरणे, काळा शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास विलंब न करिता डॉक्टरांकडे जावे. आणि छाती दाटून घाम सुटला, कळ हातात वा जबड्यात गेली, तर पित्त समजून सोडा पाजीत बसू नये. मिळेल त्या वाहनाने तत्काळ रुग्णालय गाठावे.