अकरावीचा फॉर्म भरण्याआधी: विषय, पुढची दारे आणि घरचा खर्च

गोंदिया जिल्ह्यात अकरावीचे प्रवेश आणि धानाची रोवणी पाठोपाठ येतात. घरातला पैसा पऱ्हे, खत आणि मजुरीत अडकलेला असतो. नेमके तेव्हाच कॉलेजची फी, पुस्तके, खोलीचे भाडे आणि क्लासचा पहिला हप्ता यांचा प्रश्न उभा राहतो. या घाईत विषयांची निवड मागे पडते आणि 'मैत्रिणीने घेतले तेच' किंवा 'क्लासवाले सर म्हणाले तसे' लिहून फॉर्म दिला जातो. विषय घ्यायला जवळपास काहीच पैसे लागत नाहीत. चुकीचा विषय सोडला तर मात्र दोन वर्षांनी एक अख्खे वर्ष जाते.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. पोर्टलवर तुम्ही कॉलेज आणि शाखा निवडता, पण विषयांची खरी यादी प्रवेश निश्चित करताना कॉलेजच्या फॉर्मवर भरली जाते. तो कागद पालकांनी स्वतः वाचूनच सही करावी.

कोणत्या दाराला कोणता विषय

*एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी:* भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेच. एमबीबीएससाठी पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून सुरू आहे.

*अभियांत्रिकी:* राज्याच्या प्रवेशफेरीसाठी सीईटीचा पीसीएम ग्रुप द्यावा लागतो, म्हणून गणित सोडून चालत नाही. बारावीत ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के हवेत.

*फार्मसी आणि कृषी:* गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालते. सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी कोणताही ग्रुप पुरतो. कृषी पदवीला बारावी विज्ञान शाखेत ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के.

*नर्सिंग:* बीएस्सी नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. जीएनएमला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि एकूण ४० टक्के असावेत.

*आर्किटेक्चर, एनडीएतील नौदल व हवाई दल:* भौतिकशास्त्र आणि गणित; नौदल व हवाई दलाला रसायनशास्त्रही. एनडीएच्या भूदल विभागाला कोणतीही शाखा चालते.

*विधी (पाच वर्षांचा), डीएलएड, बीबीए, बीसीए, सीए फाउंडेशन:* कोणतीही शाखा. विधीला वेगळी सीईटी आहे. २०२४ पासून एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीबीए आणि बीसीएलाही सीईटी लागते. बारावीनंतर थेट प्रवेश मिळेल, या भरवशावर राहू नये.

विज्ञान शाखेतून पुढे कला किंवा वाणिज्यला जाता येते. उलटी वाट बहुतेक ठिकाणी बंद असते.

गणित आणि जीवशास्त्र: शक्य असेल तर दोन्ही

डॉक्टर की इंजिनीअर हे पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरलेले नसेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय घ्यावेत. सोबत इंग्रजी आणि एक भाषा, किंवा त्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान. अशी सहा विषयांची रचना राज्य मंडळ मान्य करते. अभ्यास वाढतो हे खरे, पण फीमध्ये फारसा फरक पडत नाही आणि दोन्ही दारे उघडी राहतात.

बायफोकल घेताना मात्र थांबून विचार करावा. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र यांसारखे विषय २०० गुणांचे असतात. ते दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतात, म्हणून गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक सुटते. संगणकशास्त्र हवे म्हणून बायफोकल घेतले आणि त्यापायी जीवशास्त्र गेले, तर मुलीला नीटची तयारी करता येणार नाही. संगणकाची आवड असेल आणि दोन्ही दारेही ठेवायची असतील तर २०० गुणांच्या संगणकशास्त्राऐवजी १०० गुणांचे माहिती तंत्रज्ञान घ्यावे.

गणित एका नावाचे असले तरी त्याचे प्रकार दोन आहेत: कला व विज्ञान शाखेचे वेगळे, वाणिज्य शाखेचे वेगळे. वाणिज्यमध्ये गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेण्याकडे कल असतो. बीकॉमला त्याने अडत नाही. पण पुढे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सचा विचार असेल तर गणित सोडू नये.

खर्चाचा हिशेब

प्रवेश घेण्याआधी एक प्रश्न विचारा: 'ही तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित?' एकाच इमारतीत दोन्ही तुकड्या असू शकतात आणि त्यांच्या फीमध्ये मोठी तफावत असते. अनुदानित तुकडीत मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे. फी किती आणि कोणत्या बाबींची, हे छापील पत्रकावर मागा.

भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगशाळा चालू आहे का आणि त्या विषयाचे शिक्षक नेमलेले आहेत का, हे आत जाऊन पाहा. शिक्षक नसलेल्या कॉलेजची कमी फी शेवटी क्लासच्या फीतून भरून निघते. राज्य मंडळाची पुस्तके ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात, तेवढा खर्च वाचतो.

प्रवेश परीक्षांचे २०२५ मधील शुल्क असे होते:

- नीट: खुला प्रवर्ग १,७०० रुपये, ओबीसी व ईडब्ल्यूएस १,६००, अनुसूचित जाती-जमाती १,०००.
- सीईटी: एका ग्रुपला खुला प्रवर्ग १,०००, राखीव ८००. दोन्ही ग्रुप दिल्यास दुप्पट.
- जेईई मेन, एका सत्राला: खुल्या प्रवर्गातील मुलगे १,०००, ओबीसी व ईडब्ल्यूएस मुलगे ९००, या तिन्ही प्रवर्गांतील मुली ८००, अनुसूचित जाती-जमाती ५००.
- केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी, तीन विषयांपर्यंत: खुला प्रवर्ग १,०००, ओबीसी व ईडब्ल्यूएस ९००, अनुसूचित जाती-जमाती ८००.

चारही विषय घेतलेल्या ओबीसी मुलीने नीट, सीईटीचे दोन्ही ग्रुप आणि जेईईचे एक सत्र दिले तर १,६०० + १,६०० + ८०० म्हणजे ४,००० रुपये लागतात. परीक्षा केंद्र लांबचे मिळाले तर प्रवास आणि मुक्काम वेगळा. फॉर्म भरण्याच्या आठवड्यात हे पैसे हातात असावेत, कारण मुदत चुकली की परीक्षाच चुकते.

एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत आहे आणि मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून येणाऱ्या मुलीसाठी बसची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळते का, हे फीइतकेच महत्त्वाचे आहे.

नागपूरला ठेवायचे असेल तर राहण्या-खाण्याचा अंदाज सरकारनेच बांधून दिला आहे. स्वाधार योजनेत नागपूरसाठी वर्षाला भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे ६०,००० रुपये धरले आहेत. प्रत्यक्ष खर्च याहून जास्तच होतो. त्यावर क्लासची फी दोन वर्षांत लाखाच्या पुढे सहज जाते.

कोणती मदत मागता येते

ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील अकरावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांसाठी नागपूरची महाज्योती संस्था नीट, जेईई आणि सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेटही. अर्ज दहावीनंतर लगेच निघतात. पोवार, कुणबी, कोहळी, लोधी घरांनी हा अर्ज भरल्याशिवाय खासगी क्लासला पैसे देऊ नयेत.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधारचा अर्ज अकरावीपासून करता येतो. आदिवासी विद्यार्थ्यांनी वसतिगृहासाठी देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. बारावीनंतर त्यांच्यासाठी स्वयम योजना आहे.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी नाही. 'मुलीला इंजिनीअरिंग परवडत नाही' म्हणून गणित सोडू नये.

जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्न आणि अधिवास यांचे अर्ज अकरावीतच सुरू करा. बारावीनंतर प्रवेशफेरी चालू असताना जात वैधतेसाठी धावपळ करणाऱ्यांची राखीव जागा हातची जाऊ शकते.

क्लासची पावती

खासगी क्लास लावायचाच असेल तर फी हप्त्याने भरा आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये, आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. 'फी परत मिळणार नाही' असे पावतीवर छापलेले असले तरी गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही.

सीमा ओलांडताना

बालाघाट आणि राजनांदगाव आपल्याला जवळ आहेत आणि क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाणारेही आहेत. पण महाराष्ट्रातील एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागतात. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा या कोट्यात असतात. बारावी दुसऱ्या राज्यातून केली तर उरतो अखिल भारतीय कोटा. मुलाला कोटाला पाठवून तिथल्या शाळेत नाव घालण्याआधी हा नियम वाचावा.

चुकलेच तर

अकरावीत शाखा किंवा विषय बदलता येतो, पण पहिल्या काही आठवड्यांतच अर्ज द्यावा. बारावी झाल्यावरही राज्य मंडळाकडे राहिलेला एखादा विषय स्वतंत्रपणे देता येतो, आणि जादा विषय म्हणून जीवशास्त्र दिलेल्यांना नीटची परवानगी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. ही वाट आहे, पण ती वर्ष खाते. विज्ञान झेपत नसेल तर शासकीय तंत्रनिकेतनाची दहावीनंतरची पदविका हाही चांगला मार्ग आहे. तीन वर्षांनी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

पालकहो, सही करण्याआधी मुलामुलीला शेजारी बसवा आणि फॉर्मवरचा प्रत्येक विषय मोठ्याने वाचून विचारा: हा घेतल्याने काय उघडते, हा सोडल्याने काय बंद होते? उत्तर दोघांनाही देता आले नाही तर त्या दिवशी फॉर्म देऊ नका. मुदतीच्या आत दुसऱ्या दिवशीही तो देता येतो.