धुक्याचा फोटो करडा का येतो? दहावीच्या 'उष्णता' पाठाला जोडून एक उपक्रम



थंडीत नदीवर, तळ्यावर किंवा धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलं की मोठ्यांचे आणि मुलांचे मोबाइल-कॅमेरे बाहेर निघतात. पण बहुतेकांचा अनुभव एकच असतो. डोळ्यांना पांढरंशुभ्र दिसलेलं धुकं फोटोत मळकट, करडं येतं. मुलं लगेच म्हणतात, "सर, आपला कॅमेरा साधा आहे ना, म्हणून." पण महागड्या कॅमेऱ्यानेही ऑटोवर फोटो काढला तर बहुधा तसाच येतो. असं का होतं, हे मुलांना शोधू द्यायचं आहे. त्यातच विज्ञानाचा एक पाठही होऊन जातो.

१. आधी धुकं समजून घेऊ

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये 'उष्णता' या पाठात दवबिंदू तापमान आणि आर्द्रता येते. मुलं व्याख्या पाठ करतात, पण ती डोळ्यांसमोर येत नाही. पाण्यावरचं धुकं म्हणजे तीच व्याख्या.

रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन उष्णता बाहेर टाकून झपाट्याने गार होते. तिच्यालगतची हवाही गार होते. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त असल्यामुळे पाणी मात्र सावकाश थंड होतं. समजा, पहाटे हवा १० अंशांवर आली आहे आणि पाणी अजून २० अंशांवर आहे. पाण्यावरून उठणारं बाष्प त्या गार हवेत मिसळतं, हवा संपृक्त होते आणि बाष्पाचे बारीक थेंब बनतात. तेच धुकं.

इथे मुलांना हमखास विचारावं, "पाणी उकळतंय का? मग ही वाफ कसली?" खरं तर बाष्प डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसतात ते पाण्याचे थेंब.

आदल्या संध्याकाळी मुलांना अंदाज बांधायला सांगा. हवामानाच्या ॲपमध्ये रात्रीचं किमान तापमान आणि दवबिंदू पाहायचे. दोन्ही आकडे जवळ आले असतील, आकाश मोकळं असेल आणि वारा कमी असेल, तर धुक्याची शक्यता चांगली. अंदाज वहीत लिहून ठेवायचा. चुकला तरी चालेल, का चुकला ते शोधायचं.

२. वर्गातला प्रयोग : पांढरा कागद आणि काळी पाटी

पाण्यावर जाण्याआधी हा प्रयोग वर्गातच करा. कॅमेरा ऑटो किंवा 'पी' मोडवर ठेवा, फ्लॅश बंद. फ्रेम पूर्ण भरेल असा पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. मग तसाच काळ्या पाटीचा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. कागद करडा, आणि पाटीही करडीच!

याचं कारण असं, की समोर काय आहे हे कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला कळत नाही. तो समोरच्या दृश्याचा उजेड साधारण मध्यम करड्यावर आणून ठेवतो. धुकं म्हणजे फ्रेमभर पांढरा कागदच. म्हणून कॅमेरा उजेड कमी करतो आणि धुकं मळतं.

यावर उपाय म्हणजे अधिक-वजा चिन्हाचं बटण, म्हणजेच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. अधिक १ केलं की प्रकाश दुप्पट, अधिक २ केलं की चौपट. धुक्यासाठी साधारण अधिक ०.७ ते अधिक १.३ पासून सुरुवात करावी. मोबाइलवर स्क्रीनला बोट लावलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवायचं.

३. पाण्याकाठी

आमच्या नाशिककडे नांदूर मध्यमेश्वर ही चांगली जागा आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं हे अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. निफाडची थंडी तर प्रसिद्धच आहे. पण गावचं तळंही चालेल. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणून साडेसहाला पोचावं. ऊन चढलं की हवा तापते, सापेक्ष आर्द्रता उतरते आणि धुकं विरून जातं.

* फोकस : नुसत्या धुक्यावर ऑटोफोकस भरकटतो, कारण त्याला पकडायला कड लागते. होडीची कड, झाडाचा बुंधा, खांब असं काही धरा.
* फ्लॅश बंद : थेंबांवरून उजेड परत येतो आणि समोर पांढरा पडदा दिसतो. धुक्यात चालक हेडलाइट डीमवर ठेवतात, तेही याच कारणासाठी.
* रंग : व्हाइट बॅलन्स 'ऊन' या चिन्हावर ठेवा. ऑटोवर पहाटेची निळाई आणि उगवतीचा सोनेरीपणा पुसट होतो.
* दिशा : सूर्य धुक्याच्या पलीकडे असला की धुकं उजळतं. सूर्याकडे थेट मात्र पाहायचं नाही.
* थर : जवळची होडी गडद, मागची झाडं फिकट, त्यामागची आणखी फिकट. त्यामुळे चित्राला खोली येते.
* परतताना : गार झालेला कॅमेरा उबदार घरात नेला तर त्यावर दव धरतं. आधीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि थोड्या वेळाने उघडा.

४. सुरक्षितता, ही आधी

धुक्यात काठ नीट दिसत नाही, दगड ओले असतात आणि मुलांचं सगळं लक्ष स्क्रीनवर असतं. म्हणून काठापासून दहा पावलं मागे एक दोरी लावा. त्यापुढे कोणीही जायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा. चालताना कॅमेरा गळ्यात ठेवायचा, डोळ्याला नाही. चार-पाच मुलांमागे एक पालक हवाच. पक्ष्यांच्या जागी आरडाओरडा नको.

५. वहीतला उतारा

फोटो काढण्याआधी मुलांनी पाच मिनिटं नुसतं पाहायचं आणि वहीत लिहायचं : धुक्याचा रंग कोणता? ते कुठे दाट आहे? हलतंय का? मग एकाच दृश्याचे तीन फोटो, शून्य, अधिक ०.७ आणि अधिक १.३ वर. शाळेत परतल्यावर विचारायचं, वहीतल्या वर्णनाशी कोणता फोटो जुळतो?

धुकं काढून टाकणारी सोय फोटोच्या ॲपमध्ये असते. ती वापरून पाहायलाही हरकत नाही, पण मग मुलांना विचारा, "आता हा फोटो आपण पाहिलेल्या सकाळचा राहिला का?" माझ्या मते या उपक्रमातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. यंत्र सरासरी काढून उत्तर देतं. ते उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायला आधी स्वतः पाहिलेलं असावं लागतं. मुलांच्या हातात आज मोबाइल आहेच. तो काढून घेण्याआधी, त्याचं म्हणणं पडताळून कसं पाहायचं एवढं तरी आपण त्यांना शिकवू या.